गळती कुणाच्या बाजूची

मित्रांनो, मी एक जुनी कमान आहे. दगडी, अर्धगोल आणि वयाने नऊशेच्या घरातली. हेलबी नावाच्या खेड्यातल्या चर्चच्या मधोमध मी उभी आहे. माझ्या पूर्वेला वेदी आहे, म्हणजे तुम्ही ज्याला गाभारा म्हणाल तो भाग. तिथे पाद्रीसाहेब उभे राहतात. माझ्या पश्चिमेला बाकांच्या रांगा आहेत. तिथे गाव बसते. माझ्या पायाशी एक पायरी आहे. ती चढली की माणूस गावातून देवाच्या घरात जातो, असे पूर्वी म्हणत. थोडक्यात, मी उंबरठ्यावरची आहे. उंबरठा दोन्ही खोल्यांचा असतो असे मला वाटायचे. तो कुणाचाच नसतो, हे मी फार उशिरा शिकले.

आमच्या सपाट, ओल्या मुलखात चांगला दगड मिळत नाही. शेत नांगरले की गारगोट्या तेवढ्या वर येतात. गावकऱ्यांनी त्याच टोपल्यांनी वेचून आणल्या आणि चुन्यात बसवून भिंती उभ्या केल्या. गारगोट्यांना कोपरा साधत नाही, म्हणून आमचा बुरूजही गोल आहे. माझा दगड मात्र लांबच्या खाणीतून होडीने आला. शेवटचा दगड वर बसवला आणि खालचा लाकडी आधार काढून घेतला, तेव्हा सगळे गाव श्वास रोखून उभे होते. मी पडले नाही. एक म्हातारा म्हणाला, "राहील ही. आपल्यापेक्षा जास्त राहील." त्याचे खरे झाले. त्याचे काय सुख असते, ते मी सांगतेच आहे.

माझी पहिली दोनशे वर्षे कामात गेली. माझ्याखालून नवऱ्या गेल्या, तिरड्या गेल्या. मागच्या बाजूला दगडी कुंड आहे, त्यात गावातले प्रत्येक लेकरू पाण्याने ओले होऊन नाव घेऊन घरी गेले. नाव देताना उत्तरेचे छोटे दार उघडे ठेवीत. लेकराच्या अंगातला सैतान त्या दाराने बाहेर पडतो म्हणत. ज्यांना नाव मिळण्याआधीच मरण आले, त्या लेकरांनाही त्याच दाराने नेत. उत्तरेच्या भिंतीबाहेर, सावलीत, खुणेशिवाय पुरीत. त्या दाराकडे बघायला मला कधीच आवडले नाही.

मग ती मोठी साथ आली. एका उन्हाळ्यात अर्धे गाव गेले. माणसे इतकी पटापट गेली की एकेकाला वेगळी जागा देणे जमेना. सगळ्यांना एकाच लांब चरात ठेवले. त्यात हॉविस नावाच्या बाईची सात वर्षांची मुलगी होती, सिबली. हॉविस हंस पाळायची. साथ ओसरल्यावर ती रोज त्या चराकडे जायची आणि नेमके कुठे उभे राहायचे ते न कळून परत यायची.

दोन वर्षांनी गावाने एक चितारी बोलावला. माझ्यावरच्या भिंतीवर, म्हणजे माझ्या कपाळावरच म्हणा ना, त्याला न्यायाचा दिवस काढायचा होता. एका बाजूला स्वर्गात जाणारे, एका बाजूला नरकात पडणारे. गेरू आणि काजळी त्याच्यापाशी होती. रंग कालवायला अंडी हवी होती. हॉविस टोपली घेऊन आली.

"अंडी घे. पण माझी सिबली वर पाहिजे," ती म्हणाली.

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे स्वर्गात. अजून कुठे?"

"बाई, स्वर्गात पाठवणारा मी कोण?"

"कुंचला तुझ्या हातात आहे ना? मग तूच."

चितारी हसला. त्याने विचारले, मुलगी दिसायला कशी होती. हॉविस म्हणाली, केस कसेही काढ, ते कधी धड नव्हतेच. काखेत हंसाचे पिल्लू काढ. आणि पुढचा एक दात काढू नको, तो नुकताच पडला होता.

"स्वर्गात सगळ्यांचे दात पुरे होतात, बाई. तिथे काही उणं नसतं."

"मग मला ती ओळखू कशी येणार?" हॉविसने विचारले.

चिताऱ्याने कुंचला उचलला. त्याने सिबलीला अगदी खालच्या कडेला, माझ्या माथ्याच्या दगडाला लागून काढले, म्हणजे आईला ती पायरीवरून दिसेल. काखेत पिल्लू, ओठ थोडे उघडे आणि मधोमध एक काळी फट. मित्रांनो, माझ्या कपाळावर देवदूत होते, राजे होते, तराजू होता. पण हॉविस आयुष्यभर एका फटीकडे बघत राहिली. आता तिला उभे राहायला जागा होती.

त्यानंतर दोनशे वर्षांनी राजाच्या माणसांचा हुकूम आला, की भिंतींवर चित्रे नकोत. सगळे पांढरे करा. आमच्या चर्चची घंटा वाजवणारा वॉट म्हणून एक म्हातारा होता, त्याच्यावर ते काम आले. त्याने देवदूत पांढरे केले, राजे पांढरे केले. खालच्या कडेला आल्यावर त्याने कुंचला ठेवला आणि हाताने चुना लावला, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळाला लेप लावावा तसा. "नीज गं थोडी," तो म्हणाला.

थोडी म्हणता म्हणता सिबली सव्वातीनशे वर्षे निजली.

मध्यंतरी एक नियम ठरला होता. गाभाऱ्याचे छप्पर पाद्रीसाहेबांनी राखायचे आणि बाकांवरचे छप्पर गावाने. नियम वाईट नव्हता. फक्त तो करणाऱ्यांनी मान वर करून पाहिले नाही. गाभारा कमानीपासून सुरू होतो असे त्यांनी लिहिले, आणि बाकांचा भाग कमानीपाशी संपतो असेही लिहिले. कमान कुणात, ते लिहायचे राहून गेले.

गाभाऱ्याचे छप्पर बुटके आहे आणि बाकांवरचे उंच. दोन्ही माझ्या डोक्यावर येऊन भेटतात. त्या सांध्यावर शिशाचा पत्रा दुमडून बसवलेला आहे. विधवा राणीच्या राज्यात, एका वसंतात, कावळ्यांच्या एका जोडप्याने त्या दुमडीखाली काड्या खुपसायला सुरुवात केली. घरटे काही झाले नाही. कावळे कंटाळून बुरुजावर गेले. पण पत्रा चार बोटे उचकटला आणि एक खिळा निसटून पन्हळीत पडला. त्या शरदात पहिला थेंब माझ्या पाठीतून आत उतरला. तुमच्या आजीला सांध्यात पाऊस आधी कळतो ना? मलाही तेव्हापासून कळायला लागला.

आता हेस्टरबद्दल सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे.

हेस्टर लार्टर चर्चची फरशी घासायची. बाकांखालची फरशी गाव तिच्याकडून घासून घेई, गाभाऱ्यातली पाद्रीसाहेबांची बायको. मधली पायरी कुणाच्या कामात धरायची हे कधी ठरलेच नाही, म्हणून ती हेस्टर फुकट घासायची. "मधेच सोडून कशी जाऊ? दात घासताना कुणी एक सोडतं का?" असे ती म्हणे. तिचा नवरा अ‍ॅमॉस शेतकरी गूचच्या शेतावर कामाला होता. पाणथळीतले बोरू कापायचा, छपरे शाकारायचा. त्यांना मूल नव्हते. म्हणजे झाले होते, सात वर्षांपूर्वी. मुलगी. ती रडलीच नाही. अ‍ॅमॉस एका संध्याकाळी छोटी पेटी काखेत धरून उत्तरेच्या दाराने बाहेर गेला होता आणि हात हलवीत परत आला होता. हेस्टर कुंडाजवळ उभी होती. ते कुंड त्या दिवशी कोरडे होते.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी हेस्टर पायरी घासत होती. ओल्या चुन्याची एक खपली तिच्या हातावर पडली. तिने वर पाहिले. पांढऱ्या भिंतीतून एक लहान तोंड तिच्याकडे बघत होते. पुढचा एक दात नव्हता.

हेस्टर ब्रश धरून तशीच गुडघ्यांवर बसली. मग म्हणाली, "अगं बाई. तू इथे होय?"

त्या संध्याकाळी ती अ‍ॅमॉसला घेऊन आली. अ‍ॅमॉसने टोपी काढून वर पाहिले.

"काखेत काय आहे तिच्या? कोंबडी?"

"हंस आहे. डोळे फुटले का तुझे?"

"बरं, हंस."

"आपलीचेही आता दात पडायला लागले असते," हेस्टर म्हणाली.

अ‍ॅमॉस टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "हंस चावरा असतो. तिला सांग, नीट धर म्हणावं."

मित्रांनो, मी हॉविसला ओळखत होते. मला सांगावेसे वाटले की बाई, ही दुसरीची आहे. बरे झाले मला बोलता येत नाही. हॉविसने काही हरकत घेतली नसती.

रविवारी सगळ्या गावाने ती मुलगी पाहिली. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावरून दोन माणसांत ओढाओढ झाली. पाद्री होते लँबर्ट फेन. उंच, वाकलेले, पुस्तकांत रमणारे आणि मनाने चांगले. गावाच्या वतीने चर्चचा कारभार पाहणारा वॉर्डन होता जोसाया गूच, हेस्टरच्या नवऱ्याचा मालक. जाडजूड, टर्की पाळणारा, बोलायला फटकळ, पण गावात कुणी आजारी पडले की त्याच्याच घरून सूप जायचे. दोघेही वाईट नव्हते. एखादा वाईट असता तर सांगायला सोपे गेले असते.

"कमान म्हणजे गाभाऱ्याचं दार," फेन म्हणाले. "दार घराचं असतं, अंगणाचं नाही. तेव्हा चित्र आमच्या बाजूचं."

"चित्राचं तोंड कुणाकडे आहे? बाकांकडे," गूच म्हणाला. "माझ्या घराची पाटी रस्त्याकडे तोंड करून आहे, म्हणून रस्ता काय पाटी घेऊन जाईल?"

"गूचसाहेब, हे उदाहरण माझ्या बाजूचं झालं."

गूच थांबला, विचार केला आणि म्हणाला, "असेल. चित्र तरीही गावाचंच."

सगळे हसले. मलाही, खरे सांगते, गुदगुल्या झाल्या. साडेसातशे वर्षांत मला कुणी 'आमची' म्हटले नव्हते, आता दोघे म्हणत होते. त्या भरात मी वरच्या थेंबाकडे दुर्लक्ष केले. त्याची लाज मला अजून वाटते. कारण ज्या पाण्याने चुना सोडवून सिबलीला जागे केले, ते पाणी काही काम संपवून घरी जाणारे नव्हते.

डिसेंबरात भिंतीवर ओल दिसू लागली. थेंब पायरीवर पडू लागला. आणि ज्या दोघांनी चित्र आपल्याकडे ओढले होते, ते आता गळती एकमेकांकडे ढकलू लागले.

"पाद्रीसाहेब, तुमचं छप्पर गळतंय."

"थेंब तुमच्या बाजूला पडतोय, गूचसाहेब."

"पडतोय आमच्याकडे, पण निघतोय तुमच्याकडून. माझी गाय तुमच्या बागेत शिरली, तर गाय माझीच राहते ना?"

"गाईच्या कानाला तुमची खूण असते. थेंबाला कुणाची खूण आहे ती दाखवा."

गावाला गंमत वाटायची. दुकानात लोक म्हणत, हेलबीत पाऊस आला की छत्री उघडायच्या आधी विचारावं लागतं, कुणाच्या बाजूला येतोय. पण हेस्टरला गंमत वाटत नव्हती. तिला रोज दिसत होते, की ओलीची कड हंसाच्या पिल्लाच्या पायापर्यंत आली आहे.

अ‍ॅमॉस एकदा वाकून, डोळे बारीक करून, बाहेरून छप्पर बघून आला. त्याने मालकाला सांगितले, "काही नाही मालक, सांध्यावरचा पत्रा उचकटलाय. एक खिळा. तुमची न्याहारी व्हायच्या आत मारून येतो."

गूचने हातातली बादली खाली ठेवली. "अ‍ॅमॉस, तुझा हातोडा कुठला?"

"आपल्या गोठ्यातला."

"म्हणजे माझा. तू मारलास म्हणजे मी मारला, आणि मी वॉर्डन, म्हणजे गावाने मारला. आज गावाने एक खिळा मारला की उद्या गाभाऱ्याचं अख्खं छप्पर गावाच्या गळ्यात. एकदा हात लावला की वहिवाट पडते, बाबा. माझा नातू मला शिव्या देईल."

मित्रांनो, वहिवाट म्हणजे पायवाटेसारखी गोष्ट. एकदा गेलात की रस्ता झाला. आमच्या मुलखातली माणसे भुताला भीत नव्हती इतकी वहिवाटीला भीत. फेनसाहेबांच्या माळ्यानेही खिळा मारायची तयारी दाखवली होती. त्याला साहेबांनी जवळजवळ हेच सांगितले, फक्त अधिक चांगल्या भाषेत. त्यांच्या मागून येणारा पाद्री त्यांना दोष देईल, असे ते म्हणाले. हेलबीत साठ घरे होती. त्यात जो कुणाचाच माणूस नाही, असा एकही माणूस नव्हता.

"मी चढते," हेस्टर गूचला म्हणाली. "मी कुणात मोजत नाही. घरचा दगड घेते, त्याने मारते."

"आणि शिडी?"

एवढी लांब शिडी गावात एकच होती, बुरुजात ठेवलेली. ती गावाची होती.

मग तिने तिच्या हातात होते ते केले. घरून जस्ताची बादली आणून पायरीवर थेंबाखाली ठेवली. दर शनिवारी आणि बुधवारी येऊन ती रिकामी करायची आणि बोरूच्या लांब काठीला फडके बांधून भिंतीची ओल हलकेच टिपायची. चेहऱ्याला मात्र फडके लावत नसे. "तोंड धुवायला आलीय म्हणून रुसशील," असे पुटपुटायची.

पहिल्याच रविवारी फेनसाहेबांनी बादली पाहिली. ती पायरीच्या पश्चिम कडेला होती. "अरे वा," ते म्हणाले, "म्हणजे गावाने थेंब आपला म्हणून घेतला तर." त्यांनी हे थट्टेतच म्हटले. पण गूचचे कान लाल झाले. त्याने बादली उचलून वीतभर पूर्वेला ठेवली. थेंब बादलीच्या काठावर आपटून दोन्हीकडे उडू लागला. पुढच्या आठवड्यात कुणीतरी ती पुन्हा पश्चिमेला सरकवली. मग पुन्हा पूर्वेला. हेस्टर बिचारी यायची, बादली मधे आणायची, पायरी पुसायची आणि जायची.

जानेवारीच्या शेवटी दोघे माझ्याखाली भेटले, एक माझ्या अलीकडे आणि एक पलीकडे, आणि त्यांचे एका गोष्टीवर एकमत झाले. बादली दोघांनाही अडचणीची आहे. उद्या कुणी वकील आला तर तो आधी बादलीकडे बोट दाखवेल. तेव्हा बादली नकोच.

हेस्टरला दोघांनी मिळून सांगितले.

"बादली काढल्यावर पाणी थांबेल का?" तिने विचारले.

"हेस्टर, हा कायद्याचा भाग आहे," फेन मऊपणे म्हणाले.

"पाणी कायदा वाचतं होय, साहेब?"

गूच म्हणाला, "हेस्टर, वसंतात सगळं चर्चच्या मोठ्या साहेबांकडे लिहून पाठवतोय आम्ही. तिथून निकाल आला की एका दिवसात काम. तोवर हात लावायचा नाही. बादली नाही, फडकं नाही, काही नाही. तू आमच्याही पगारावर आहेस आणि यांच्याही. तुझा हात कुणाचा धरायचा, हा घोळ नको."

हेस्टरने एकदा वर पाहिले. एकदा गूचकडे पाहिले. ज्या घरात ती राहत होती ते घर गूचचे होते. तिने बादली उचलली. मला वाटते, त्या दिवशी तिला जेवढा राग त्यांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. मला तो राग माहीत आहे. मीही तशीच उभी होते. पाणी कुठून येते हे मला अंगाने ठाऊक होते. ते गाभाऱ्याच्या छपरातून येत नव्हते, बाकांच्या छपरातूनही येत नव्हते. दोन्ही जिथे एकमेकांच्या भरवशावर राहिली होती, तिथून येत होते.

फेब्रुवारीत कडक थंडी पडली. गिलाव्यामागे मुरलेले पाणी गोठले आणि फुगले. मला माझ्या कपाळाची कातडी ताणल्यासारखे झाले. आठ दिवस तसेच गेले. नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ऊन पडले. बाहेर पन्हळी वाहू लागल्या. हेस्टर पायरीशी गुडघ्यांवर बसली होती. तिने माझ्याकडून आलेला आवाज ऐकला, पाव मोडताना येतो तसा. ती उठून मागे सरली.

सिबली पडली.

फार मोठा आवाज झाला नाही. बैलाच्या पाठीएवढा गिलावा सुटला आणि पायरीवर येऊन फुटला. थोडा इकडे, थोडा तिकडे, बराचसा मधे. पांढरी धूळ उठली आणि बसली. वर भिंतीवर उघड्या गारगोट्या दिसत होत्या. आमच्या शेतांतून टोपल्यांनी आणलेल्या, त्याच.

हेस्टरने ब्रश बाजूला ठेवला, पळत घरी गेली, बादली घेऊन आली आणि पायरीवर बसून एकेक तुकडा उचलायला लागली. कुणीतरी तिला पळताना पाहिले असावे. थोड्या वेळाने फेनसाहेब गाभाऱ्याच्या छोट्या दाराने आले आणि गूच मोठ्या दाराने आला. दोघे पायरीपाशी येऊन थांबले, नेहमीप्रमाणे एक अलीकडे, एक पलीकडे.

मग गूचने घसा साफ केला. सवयीने, मित्रांनो, निव्वळ सवयीने, तो म्हणाला, "बहुतेक माल कुणाच्या बाजूला..."

"पायरीवर पडलंय," हेस्टर म्हणाली. तिने मान वर केली नाही. "तुमची फरशी मी पैसे घेऊन घासते. यांची फरशी पैसे घेऊन घासते. पायरी मी फुकट घासते, अकरा वर्षं. तिच्यावर पडलं ते माझं. तुम्ही दोघं जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

दोघे बाजूला झाले.

बहुतेक तुकडे म्हणजे नुसता चुना होता. एका तुकड्यावर हंसाची चोच होती. हेस्टर तळहातावर तुकडे घेऊन खिडकीकडे धरायची, बघायची आणि ठेवायची. शेवटी तिला एक मिळाला, पत्त्याएवढा. त्यावर डोळे नव्हते, गाल नव्हते, केस नव्हते. अर्धवट उघडे ओठ होते, आणि मधोमध एक काळी फट.

"ही बघा," ती हळूच म्हणाली. "ही तीच. ओळखू येते."

मला हॉविसचा आवाज ऐकू आला. सव्वापाचशे वर्षांनी.

हेस्टरने तो तुकडा आणि चोचीचा तुकडा पदरासारख्या धरलेल्या एप्रनमध्ये घेतला आणि ती उत्तरेच्या दाराकडे गेली. दार दमटपणाने फुगून बसले होते. तिला उघडेना. फेनसाहेब पुढे गेले, त्यांनाही उघडेना. मग गूच बाहेरून वळसा घालून गेला. एकाने ढकलले, दुसऱ्याने ओढले. माझ्या आठवणीत त्या दोघांनी एकाच वेळी एकाच लाकडाला लावलेला तो पहिला हात. दार उघडले. हेस्टर त्यांच्यामधून बाहेर गेली. भिंतीच्या सावलीत, जिथे खूण नाही पण अ‍ॅमॉसला आणि तिला जागा माहीत होती, तिथे ती बसली. मातीवर बर्फाचा पापुद्रा होता. तिने तो बोटांनी फोडला. अ‍ॅमॉस फावडे घेऊन धावत आला, पण त्याची गरज पडली नव्हती. तो नुसता तिच्या शेजारी बसला.

"पिल्लू पण ठेवलंस ना?" त्याने विचारले.

"ठेवलं."

सोमवारी अ‍ॅमॉसने खिळा मारला. गूचच्या हातोड्याने, गावाच्या शिडीवरून, आणि खाली शिडी धरायला फेनसाहेब स्वतः उभे होते. चिलीम विझायच्या आत काम झाले. ती वहिवाट कुणाची पडली, हे मग कुणी कुणाला विचारले नाही. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून माझ्या खांबावर पितळेची एक पाटी बसवली. छप्पर पाद्रीसाहेबांनी आणि गावाने एकोप्याने दुरुस्त केले, असे तिच्यावर लिहिले आहे. हेस्टर ती पाटी पुसायची, पण घासून चकचकीत काही करत नसे.

त्याला आता शंभराहून जास्त वर्षे झाली. माझे छप्पर ठणठणीत आहे. माझ्या कपाळावर नवा गिलावा आहे, कोरा. पाहुणे येतात, कुंड बघतात, गोल बुरूज बघतात, माझ्याकडे बघून म्हणतात, भिंत किती छान स्वच्छ ठेवली आहे. मी काय बोलणार? वर उरलेले देवदूत चुन्याखाली निजलेले आहेत. निजोत बिचारे.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. हेस्टर म्हातारी होऊन गेली. तिच्या जागी दुसरी बाई आली. तिला कामे वाटून दिली, बाकांखालची गावाची, गाभाऱ्यातली पाद्रीसाहेबांची. तिने विचारले, पायरीचे काय? कुणीतरी म्हणाले, ती हेस्टर फुकट घासायची. "मग मीही घासते," ती म्हणाली. तिच्यामागून आलेल्यांनीही घासली. आता शनिवारी एक निवृत्त शिक्षिका येते, कानात गाणी ऐकत. तिला हेस्टर ठाऊक नाही, सिबली ठाऊक नाही. पण पायरी ती शेवटी घासते, कुणी सांगितलेले नसताना, आणि जरा जास्त वेळ घासते.

एकदा हात लावला की वहिवाट पडते, असे गूच म्हणायचा. खरे होते त्याचे. तो फक्त भलत्या हाताला भ्यायला.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, गल्लीत कुठे काही गळत असेल, उचकटले असेल, तर आधी खिळा मारा. तो कुणाच्या बाजूचा, हे विचारायला आयुष्य पडले आहे. माझ्यासारख्या दगडांना तर फारच पडले आहे. पण आमच्या कपाळावर कुणीतरी ज्याला जपून ठेवलेले असते, त्याच्याकडे एवढा वेळ नसतो.